न केलेल्या कामाचा हिशेब

भात आमच्या घरचं पीक आणि घरं बांधणं हा माझा व्यवसाय. कर्जत तालुक्यात उल्हास नदीच्या खोऱ्यात आमची वडिलोपार्जित खाचरं आहेत, आणि त्याच पट्ट्यात मी घरांचे आराखडे करतो. कार्बन उत्सर्जन कमी करण्याबद्दल जे संशोधन होतं ते मी या दोन्ही बाजूंनी वाचत आलो, जमेल तिथे करूनही पाहत आलो. शेतीचे अभ्यासक आणि बांधकामाचे अभ्यासक एकमेकांचं फारसं वाचत नाहीत. तरी दोघांचं उत्तम काम शेजारी ठेवलं की ते एकाच दिशेला बोट दाखवतं. पिढ्यान्‌पिढ्या सवयीने केलं जाणारं एखादं मोठं काम करायचंच थांबवा, असं ते सांगतं. ही शिफारस सगळ्यात स्वस्त असते, आणि लोकांपर्यंत पोचायला सगळ्यात अवघड. औषध विकणारा गावात येतो, अवजार विकणारा येतो. काम न करण्याचा सल्ला विकायला कोणी येत नाही.

भाताचंच पाहू. लावणीआधी खाचरात पाणी धरून आपण चिखलणी करतो. पूर्वी बैल होते, आता पॉवर टिलर. चिखलणीने मातीची कणीदार घडण मोडते, खाली घट्ट थर बसतो, पाणी मुरायचं थांबतं, तण बुडून मरतं आणि रोपं खोचायला माती लोण्यासारखी मऊ मिळते. हे फायदे खरे आहेत, म्हणूनच ही रीत इतकी वर्षं टिकली. पण पाण्याखाली दडपलेल्या मातीत हवा उरत नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू मातीतला कुजका सेंद्रिय भाग फोडत जातात आणि शेवटी मिथेन तयार होतो. पाण्यात उभं राहूनही मुळांना हवा मिळावी म्हणून भाताच्या खोडात पोकळ वाटा असतात. त्याच वाटांनी हा मिथेन वर चढतो आणि हवेत मिसळतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आहे. हिरव्यागार खाचराकडे पाहून हे कोणाच्या मनातही येणार नाही.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर एक साधा उपाय रूढ केला. शेतात भोकं पाडलेली नळी रोवायची, पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की मगच पुन्हा पाणी द्यायचं. अशा आलटून-पालटून ओलिताने मिथेन तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटल्याचे निष्कर्ष अनेक देशांतून आले आहेत. कालव्याच्या किंवा पंपाच्या पाण्यावर भात करणाऱ्या पंजाबात, व्हिएतनाममध्ये हे छान जमतं. कोकणात पाणी देणारे आपण नाहीच. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि जुलैत खाचरातली पातळी आभाळ ठरवतं. एखादं तंत्र जगभर सिद्ध झालं म्हणजे आपल्या बांधावर आलं असं होत नाही. म्हणून या भागातल्याच एका शेतकऱ्याच्या प्रयोगाचं मोल मला फार वाटतं.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा भात तंत्र, म्हणजेच एसआरटी, आता कोकणाबाहेरही माहीत झालं आहे. यात एकदाच गादीवाफे करतात. वाफ्याचा माथा साधारण एक मीटर रुंद, मध्ये चर. नंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. लोखंडी साचा वाफ्यावर दाबला की पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर भोकं पडतात. त्यांत थोडं खत आणि तीन-चार दाणे टाकायचे. कापणीनंतर रोप उपटायचं नाही. मुळं जमिनीत तशीच राहू द्यायची. ती जागेवर कुजतात, आणि ती कुजून झालेल्या पोकळ्यांतून हवा-पाणी आत जातं. पाऊस कितीही झाला तरी जादा पाणी चरात उतरतं आणि गादीचा वरचा भाग श्वास घेत राहतो. आभाळाला हात न लावता मातीत हवा राखायची ही युक्ती आहे.

आमच्या एका तुकड्यात हे वाफे केल्यावर मातीत पडलेला फरक पायांना आधी कळला. ऐन जुलैत गादीवर उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत रुतत नाही. वाफ्याची कड हाताने फोडली की माती डिखळासारखी न निघता रव्याळ मोकळी होते, आत जुन्या मुळांचे तपकिरी धागे आणि गांडुळांनी टाकलेल्या बारीक गोळ्या दिसतात. शेजारच्या चिखलणीच्या खाचरातली माती हिवाळ्यात वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वालासाठी ती फोडायला पुन्हा टिलर लागतो. गादीवर तेच वाल नांगरटीशिवाय, मागे राहिलेल्या ओलीवर येतात. मातीतला कार्बन वाढला की नाही हे प्रयोगशाळेनेच सांगावं. पण ज्या मातीत मुळं राहतात आणि जी वारंवार उलथली जात नाही, तिच्यातला सेंद्रिय भाग हवेशी संयोग होऊन लवकर जळून जात नाही, इतकं शास्त्र पक्कं आहे.

तरीही आमच्या वाडीत हे तंत्र ज्यांनी घेतलं त्यांच्यापैकी एकानेही ते मिथेनसाठी घेतलेलं नाही. घेतलं ते लावणीला माणसं मिळत नाहीत म्हणून. तरुण मुलं-मुली बदलापूरला, कारखान्यांत, फार्महाऊसवर कामाला जातात. लावणी म्हणजे दिवसभर पावसात, घोंगडी किंवा प्लॅस्टिक पांघरून, कमरेत वाकून चिखलात मागे मागे सरकणं, आणि हे काम बहुतेक बायकाच करतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं लावणीला येणाऱ्या एका काकूंनी साच्याने पेरणी पाहिल्यावर मला म्हटलं होतं, “भाऊ, हे आमच्या सासूच्या काळात का नाही निघालं?” त्या प्रश्नात या संशोधनाचं सगळ्यात खरं मूल्यमापन आहे असं मला वाटतं. जे तंत्र पाठीवरचं ओझं उतरवतं तेच टिकतं. मिथेन त्याच्या मागोमाग कमी होतो.

राबाची गोष्टही याच ओळीतली. भाताचं रोप तयार करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, ऐन-किंजळाच्या तोडलेल्या फांद्यांची कवळं थराथराने रचायची, वर माती टाकायची आणि उन्हाळ्याअखेर भाजायची. तण जळतं, रोप जोमदार येतं. पण त्यासाठी डोंगरउतारावरची झाडं दरवर्षी बोडकी होतात आणि जे शेण मातीत जायचं ते धूर होऊन जातं. रोपवाटिकाच नको झाली की राबही गेला. एक काम वगळलं की त्यामागची दोन कामं आपोआप गळतात.

एसआरटीतला एक भाग मात्र मला सलतो. कापणीनंतर उरलेली धसकटं आणि तण मारायला ग्लायफोसेट फवारतात. नांगर बंद केल्यावर तणाचं काय करायचं, हा जगभरच्या विनानांगरट शेतीपुढचा प्रश्न आहे, आणि बहुतेकांनी त्याचं उत्तर तणनाशकात शोधलं. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध आणले. आमच्या ओढ्यात मासे-चिंबोऱ्या धरणारी माणसं आहेत, त्यांचा विचार केल्यावाचून मला हे औषध निर्धास्तपणे वापरवत नाही. आच्छादन, दाट कडधान्य, हाताने ओढायची कोळपी असे पर्याय आहेत, पण त्यांत मजुरी परत येते. कार्बन वाचवताना विष वाढतं का, हे तपासायचं काम कृषी विद्यापीठांनीच अंगावर घ्यायला हवं. शेतकऱ्याला एकट्याने ते जमणारं नाही.

खताबाबतही आपल्याकडे जुनं, चांगलं काम झालेलं आहे. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड महाराष्ट्रात अनेकांना माहीत आहे. तुसाची राख आणि पेंढा शेतातच परत, गिरिपुष्पाचा पाला, खुणा केलेल्या दोरीने २५-१५-२५-१५ सेंटिमीटरवर लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक ब्रिकेट बोटाने खोल खोचायची. वरून फेकलेला युरिया पाण्यात विरघळून वाहतो, अमोनिया होऊन उडतो, त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो, आणि त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे. युरिया आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला तयार होतो, नैसर्गिक वायू खर्चून. पोत्यातला जितका भाग वाहून गेला तितका वायू नुसता जाळला असं समजावं. ब्रिकेट खोल खोचली की खत कमी लागतं. अनुदानाने स्वस्त झालेल्या पोत्यापुढे हा शहाणपणा मागे पडला, याचं मला दुःख वाटतं.

आता या खाचरांतली माती माझ्या दुसऱ्या कामात कशी येते ते सांगतो. भात निघालं की ठाणे-रायगडमध्ये वीटभट्ट्या लागतात. खाचराची वरची माती विकली जाते, आणि कित्येक कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट भट्टीवर राहायला जातात. वरच्या वीतभर मातीतच सेंद्रिय कार्बन, गांडुळं, मुळं, सगळं काही असतं. ती विकणारा शेतकरी पैशांच्या गरजेपोटीच विकतो. पण एका बाजूला मातीत कार्बन वाढवायचे प्रयोग आणि दुसऱ्या बाजूला तीच माती भाजून भिंतीत, हे एकाच तालुक्यात शेजारी शेजारी चाललेलं आहे. भट्टीत दगडी कोळशाबरोबर भाताचं तूसही जळतं.

या तुसाकडे जरा थांबून पाहायला हवं. भाताच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तूस असतं, आणि तूस जाळलं की त्याचा साधारण पाचवा हिस्सा राख उरते. त्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते. भात ही सिलिका जमिनीतून ओढून घेतं आणि दाण्याभोवतीच्या कवचात साठवतं. अमेरिकेत बर्कलीला शिकवणारे पोविंदर कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की तूस बेताच्या उष्णतेवर, साधारण सहाशे-सातशे अंशांवर जाळलं तर ही सिलिका स्फटिक न होता सैल, क्रियाशील राहते आणि सिमेंटमधल्या चुन्याशी जोडली जाऊन घट्ट होते. आच फार वाढली की राख निर्जीव होते. भट्टीतल्या बेशिस्त आगीत नेमकं तेच होतं, आणि जी वस्तू सिमेंटची जागा घेऊ शकली असती ती रस्त्याकडेला टाकली जाते.

सिमेंटची जागा घेणं एवढं महत्त्वाचं का, तर सिमेंटचा कार्बन केवळ इंधनातून येत नाही. चुनखडी भट्टीत भाजली की १०० किलोतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच. भट्टी सूर्यावर चालवा की विजेवर, हा वायू दगडातच बांधलेला आहे. सिमेंटचा मुख्य घटक असलेलं क्लिंकर व्हायला सुमारे १४५० अंश उष्णता लागते, तिचा धूर वेगळा. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात. म्हणून खरा उपाय एकच, क्लिंकर कमी घालायचं. औष्णिक केंद्राची उडती राख, पोलादाची मळी, तुसाची राख ही त्याचीच साधनं. गेल्या काही वर्षांत लोझानच्या कॅरेन स्क्रिव्हेनर, क्युबातले फर्नांडो मार्टिरेना आणि आपल्या दिल्ली-मद्रास आयआयटींतल्या संशोधकांनी मिळून भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी वापरून एलसी-थ्री नावाचं सिमेंट आणलं. त्यात क्लिंकर निम्म्यावर येतं, चिकणमातीला आठशे अंशांच्या आसपासची आच पुरते, आणि कार्बन तीस-चाळीस टक्क्यांनी घटतो. भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली त्याचं मानकही काढलं. कोळसा बंद होत जाईल तशी उडती राख दुर्मीळ होणार, तेव्हा हे काम वेळेवर झालेलं आहे.

पण साइटवरचा अनुभव असा की मानक निघालं म्हणून पोतं बदलत नाही. ठेकेदाराला ५३ ग्रेडचं साधं सिमेंट हवं असतं, कारण ते लवकर पकडतं आणि सेंटरिंग लवकर उतरवून पुढच्या मजल्याला नेता येतं. “राखेचं सिमेंट नको साहेब,” हे मी अनेक मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं आहे. राखेचं काँक्रीट सुरुवातीला हळू ताकद धरतं, त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं, आणि नंतर मात्र ते बराच काळ घट्ट होत राहतं. ते पाणी कमी झिरपू देतं, सळई उशिरा गंजते, आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत याहून मोठा गुण नाही. आपली सगळी कसोटी २८ व्या दिवशी दाबून पाहिलेल्या काँक्रीटच्या क्यूबवर बांधलेली. मी हल्ली पायाच्या कामासाठी मालकांना ५६ दिवसांची ताकद मान्य करायला सांगतो. पायावर पूर्ण भार यायला महिने लागतात, मग घाई कसली? काही मालक ऐकतात. पटवावं लागतं ते प्रत्येक वेळी नव्याने.

याहूनही सोपी बचत आराखड्यातच असते. लॉरी बेकर यांनी केरळात आयुष्यभर जी घरं बांधली त्यांत फिलर स्लॅब आणि रॅट-ट्रॅप बाँड या दोन गोष्टी सतत दिसतात. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते. तिथलं काँक्रीट मुख्यतः सळईला जागेवर धरून ठेवण्यापुरतंच. मग सळयांच्या चौकटींत काँक्रीटऐवजी मंगळुरी कौलं ठेवली तर काय बिघडतं? रॅट-ट्रॅपमध्ये विटा आडव्या कडेवर उभ्या करून मध्ये पोकळी सोडतात, साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि भिंत उन्हाला आवरते. आमच्या गावाजवळच्या एका घरासाठी आम्ही पाडलेल्या जुन्या घराची कौलं धुऊन घेतली. दोन-दोन कौलं एकमेकांवर पालथी, मध्ये हवेची पोकळी, तीन इंच अंतराने रांगा. गवंड्याने प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहिलं, ज्याचा आवाज बसका आला ते बाजूला. ओतकाम होण्याआधी कौलं रात्रभर भिजवली, नाहीतर ती काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतात. स्लॅबला सिमेंट कमी लागलं, सळई थोडी कमी लागली, आणि मे महिन्यात त्या खोल्यांत पंख्यावर भागतं, एसी घेतलेला नाही. फिलर स्लॅबला मजुरी मात्र जास्त पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शेतात काम वगळल्याने मजुरी वाचते आणि इथे साहित्य वगळल्याने मजुरी वाढते. पण ती कुशल हाताची मजुरी आहे, गवंड्याच्या खिशात जाणारी, आणि तिच्यासाठी पैसे मोजायला मालकाने कुरकुर करू नये असं माझं ठाम मत आहे.

घर वापरताना लागणाऱ्या विजेबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. २०१८ च्या इको निवास संहितेने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालून दिली. पश्चिमेला भिंतभर काच लावून मग आत थंडावा विकत घेणाऱ्या इमारतींना याने चाप बसला तर बरं. पडवी, खोल छज्जे आणि समोरासमोर खिडक्या ठाऊक असलेल्या प्रदेशाला हे नव्याने शिकवावं लागतंय, याची खंत वाटते.

राहता राहिलं मोजमाप. कार्बनचे क्रेडिट विकत घेणाऱ्या कंपन्या आता शेतकऱ्यांपर्यंत पोचू लागल्या आहेत. पैसे मिळत असतील तर शेतकऱ्याने घ्यावेत. पण मातीत साठलेला कार्बन हा बँकेतल्या ठेवीसारखा नाही. मुलाने शेत ट्रॅक्टरवाल्याला दिलं आणि एकदा खोल नांगरट झाली की कित्येक वर्षांची जमा हवेत जाऊ शकते. उरलेल्या कार्बनचा दाखला आणि न निघालेल्या मिथेनचा दाखला हे दोन्ही जागेवर मोजल्याशिवाय देता येत नाहीत. मिथेन मोजायची रीत ठरलेली आहे. भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची, गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासायची, आणि हे पेरणीपासून कापणीपर्यंत, मुसळधार पावसातही, करत राहायचं.

कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, भाताच्या अनेक जाती तिथून निघाल्या. चिखलणीचं खाचर, एसआरटीची गादी आणि तणनाशकाशिवायची गादी शेजारी शेजारी ठेवून असं मोजमाप शेतकऱ्यांच्या जमिनीवर, सलग काही वर्षं व्हावं, आणि त्याबरोबर ओढ्याचं पाणीही तपासलं जावं, ही माझी मागणी आहे. तालुक्यातल्या भातगिरण्यांतून तूस निघतं आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत क्यूब दाबून पाहायची यंत्रं असतात. तूस बेताच्या आचेवर जाळायची छोटी भट्टी गिरणीजवळ उभी राहिली आणि तिच्या राखेचं काँक्रीट ९० दिवसांपर्यंत तपासलं गेलं, तर आमच्या साइटवरच्या मिस्त्रीला दाखवायला माझ्या हातात कागद येईल. त्यासाठी लागणारी रक्कम एका पुलाच्या कठड्याएवढीही होणार नाही. या प्रयोगांतून कोणाचाच माल खपणार नाही. म्हणून त्यांचा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवा, आणि तो मागायला शेतकऱ्यांनी आणि आम्ही बांधकामवाल्यांनी एकत्र जायला हवं.